भाषावर्गांची उतरंड आणि नैसर्गिक भाषेचे स्थान

व्याकरण म्हणजे वाक्ये निर्माण करणारी नियमव्यवस्था, हे आपण मागील घटकात पाहिले. अशा व्यवस्थांचे सामर्थ्य मोजण्याचा प्रश्न नोम चॉम्स्की यांनी १९५६ व १९५९ च्या लेखांत गणिती पद्धतीने मांडला. त्यातून चार भाषावर्ग पुढे आले : नियमित, संदर्भमुक्त, संदर्भसापेक्ष आणि निर्बंधरहित. यांना आपण उतरंड म्हणतो खरे; पण उतरंडीतील मडकी एकावर एक असतात, हे वर्ग मात्र एकात एक सामावलेले आहेत. प्रत्येक नियमित भाषा संदर्भमुक्तही असते. याउलट म्हणता येत नाही.

येथे एक गल्लत टाळावी. मोठ्या वर्गातील भाषेत वाक्ये अधिक असतात, असे नाही. ‘क’ आणि ‘ख’ यांपासून बनणाऱ्या सर्व अक्षरमालांची भाषा नियमित आहे. त्यांतून जितके ‘क’, त्यांच्यामागे तितकेच ‘ख’ असलेल्या माला (कख, ककखख, कककखखख…) तेवढ्या निवडल्या, की उरणारी लहान भाषा नियमित राहत नाही. किती ‘क’ येऊन गेले हे लक्षात ठेवावे लागते आणि नियमित व्याकरणाशी जुळणाऱ्या यंत्राची स्मृती तर मर्यादित असते. सामर्थ्य लागते ते या काटेकोर निवडीसाठी.

आता मराठीकडे वळू. ‘शिक्षकांनी मुलांनी आईने आणलेला खाऊ खाल्ल्याचे सांगितले.’ यात शेवटी आलेल्या ‘आईने’ची जोडी सर्वांत आधीच्या ‘आणलेला’शी, तर पहिल्या ‘शिक्षकांनी’ची अखेरच्या ‘सांगितले’शी जुळते. ही एकात एक गुंफण कितीही वाढू शकते असे मानले आणि जुळणी काटेकोर राखायची ठरवली, तर नियमित व्याकरण अपुरे पडते. संदर्भमुक्त व्याकरणाला ती साधते. (प्रत्यक्ष बोलताना तिसऱ्या पातळीलाच श्रोता गोंधळतो, ही गोष्ट वेगळी.)

स्विस जर्मनमध्ये मात्र ‘हान्सला घर रंगवायला मदत केली’ अशा आशयाच्या गौणवाक्यात नामे ‘हान्स, घर’ या क्रमाने आणि क्रियापदेही त्याच क्रमाने, म्हणजे ‘मदत करणे, रंगवणे’ अशी येतात. जोड्या एकमेकींना छेदतात. शिवाय प्रत्येक नामाची विभक्ती त्याचे क्रियापद ठरवते. या आधारे स्टुअर्ट शीबर यांनी १९८५ मध्ये ही भाषा संदर्भमुक्त नसल्याचे दाखवून दिले.

मग सबंध संदर्भसापेक्ष वर्गच स्वीकारावा काय? तो फार सैल आहे. ज्यांतील ‘क’ची संख्या नेहमी मूळसंख्याच असते, अशा मालांची भाषादेखील त्यात बसते; मानवी भाषेत असे काही आढळत नाही. पुण्यात जन्मलेले अरविंद जोशी यांनी १९८५ मध्येच ‘सौम्य संदर्भसापेक्षते’ची मधली पायरी सुचवली. तीत मर्यादित छेदणाऱ्या जोड्यांना वाव असतो, वाक्यांची लांबी ठरावीक टप्प्यांनी वाढते आणि त्यांचे विश्लेषण वाजवी वेळेत पूर्ण होते. प्रस्तुत लेखकाला नैसर्गिक भाषेसाठी हीच जागा अधिक पटते.