विट्याहून वेटेला: लवंगांच्या बेटावरचं एक छोटं बंदर

या भागाचं नाव बघून काही जणांना वाटलं असेल, टायपिंगची चूक झालीये. नाही झाली. विटा आपलं, खानापूर तालुक्यातलं. आणि वेटे हे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, पेंबा नावाच्या बेटावरचं लहानसं बंदर. नावं सारखी वाटतात हा निव्वळ योगायोग, त्यात काही इतिहास शोधू नका. इतिहास दुसरीकडे आहे, आणि तो आपल्या मसाल्याच्या डब्यातून जातो.

आधी नकाशा. टांझानियाच्या समोर समुद्रात झांझिबार आहे, हे तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. पांढरी वाळू, निळं पाणी, हनिमूनवाली जोडपी. ते सगळं उंगुजा या मोठ्या बेटावरचं. त्याच्या उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटरवर पेंबा. तिथे रिसॉर्ट मोजकीच. टेकड्याच टेकड्या, दाट झाडी, म्हणून अरब लोक त्याला हिरवं बेट म्हणायचे. झांझिबारची लवंग म्हणून जी जगभर ओळखली जाते, तिचा बहुतेक भाग या पेंबात पिकतो. आणि ती जहाजात चढायची त्या बंदरांपैकी एक म्हणजे वेटे.

आता लवंग म्हणजे काय, हे जरा नीट समजून घेऊ. आपण तिला आयुष्यभर बघतो, पण झाडावर कधीच बघत नाही. लवंग हे फळ नाही, बी नाही. ती फुलाची न उमललेली कळी आहे. झाड जांभळाच्या कुळातलं, अगदी सख्खं भावंडच म्हणा ना. लावल्यावर सहा-आठ वर्षांनी कळ्या धरायला लागतात. कळी हिरवट असते, मग गुलाबी व्हायला लागते, आणि त्याच वेळी तोडावी लागते. उमलली की संपलं, भाव पडला. सगळ्या कळ्या एकदम तयार होत नाहीत, त्यामुळे एकाच झाडावर पुन्हा पुन्हा चढायचं. झाड दहा-बारा मीटर उंच, फांद्या ठिसूळ. पडून हातपाय मोडणं हे तिथे नवीन नाही. घोस घरी आणायचे, देठ वेगळे करायचे आणि कळ्या चटईवर चार-पाच दिवस उन्हात वाळवायच्या. वाळून वजन साधारण एक तृतीयांश उरतं. म्हणजे तीन किलो तोडल्या तर एक किलो हातात. आपल्याकडे हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करेपर्यंत काय होतं ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

हंगाम साधारण जुलैपासून वर्षअखेरीपर्यंत, मागेपुढे होतो. त्या दिवसांत पेंबात रस्त्याच्या कडेला, अंगणात, जिथे सपाट जागा मिळेल तिथे लवंगा पसरलेल्या असतात आणि गाव वासानं भरून जातं. चांगलं पीक आलं की शाळांना सुट्टी देऊन पोरांना तोडणीला लावायची पद्धत होती. ऊसतोडणीच्या दिवसांत आपल्याकडच्या किती पोरांची शाळा बुडते ते आठवा, म्हणजे हे फार लांबचं वाटणार नाही.

हे झाड मुळात पेंबाचं नाही. ते इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांचं. डच लोक त्यावर पहारा देऊन बसले होते. फ्रेंचांनी १७७० च्या सुमारास रोपं पळवली आणि मॉरिशसला लावली. हो, तेच मॉरिशस, जिथे आज आपली मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. तिथल्या आसपासच्या फ्रेंच बेटांवरून १८१२ नंतरच्या काळात लवंग झांझिबारला पोचली. ओमानच्या सुलतान सय्यद सईदनं तिचं महत्त्व ओळखलं, सगळीकडे लागवड करायला लावली आणि स्वतःची राजधानीच मस्कतहून तिकडे हलवली. एप्रिल १८७२ मध्ये मोठं वादळ आलं. उंगुजावरची झाडं उन्मळून पडली, पेंबातली बरीचशी वाचली. तेव्हापासून लवंगेचं बेट म्हणजे पेंबा.

पण झाडं लावली कोणी, तोडली कोणी? गुलामांनी. मुख्य भूमीवरून माणसं पकडून आणायची आणि बागांमध्ये राबवायची. झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला, गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८९७ मध्ये. स्टोन टाउनला जुन्या बाजाराच्या जागी आज चर्च आहे. वेटेला जायच्या वाटेवर ते बघून घ्या.

आणि पैसा कोणी पुरवला? इथे आपण येतो. आपण म्हणजे भारतीय. बहुतेक कच्छी आणि गुजराती व्यापारी, मुंबईशी बांधलेले. ते बागायतदारांना कर्ज द्यायचे, लवंग विकत घ्यायचे, मुंबईला पाठवायचे. झांझिबारमध्ये चलनसुद्धा रुपयाच होता. १९०८ ते १९३५ तर झांझिबारचा स्वतःचा रुपया होता, आपल्या रुपयाच्या बरोबरीचा. कर्ज वाढत गेलं, भाव पडले, बागा गहाण पडल्या. मग १९३४ मध्ये तिथल्या ब्रिटिश सरकारनं कायदे केले की बागायतदारांच्या जमिनी सहजासहजी दुसऱ्यांच्या हातात जाऊ नयेत, आणि १९३७ मध्ये लवंगेची खरेदी आणि निर्यात एका संघाच्या हातात दिली. भारतीय व्यापाऱ्यांचं कंबरडं मोडायची वेळ आली. भारत सरकारनं के. पी. एस. मेनन यांना पाहणीसाठी पाठवलं होतं. पुढे काँग्रेसनं झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला. भारत मोठा गिऱ्हाईक, त्यामुळे दणका बसला आणि १९३८ मध्ये तडजोड झाली.

ही गोष्ट आपल्याकडे सांगितलीच तर परदेशातल्या भारतीयांवरचा अन्याय म्हणून सांगितली जाते. त्यात तथ्य आहे. गोऱ्या सरकारला शेतकऱ्याचा एकदम पुळका आला नव्हता, त्यांना व्यापारावर पकड हवी होती, आणि गावोगावचा छोटा भारतीय दुकानदारही त्यात भरडला गेला. पण एक तारीख शेजारी ठेवून बघा. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यातून १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यात सातारा होता, आणि तेव्हा आपला विट्याचा भाग साताऱ्यातच होता. म्हणजे जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना जो कायदा मिळाला, त्याच जातीचा कायदा पेंबाच्या शेतकऱ्याला मिळाला, तेव्हा समोरच्या बाजूला आपली माणसं होती. मला तरी ही गोष्ट माहीत करून न घेता तिथे जाऊन फोटो काढणं बरोबर वाटत नाही.

पुढचं थोडक्यात. १२ जानेवारी १९६४ ला झांझिबारात क्रांती झाली, अरब आणि भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येनं बाहेर पडली. एप्रिलमध्ये टांगानिका आणि झांझिबार मिळून टांझानिया झाला. लवंग सरकारी महामंडळानंच घ्यायची हा नियम झाला आणि तो टिकला. इंडोनेशिया हा मोठा ग्राहक होता, तिथे सिगारेटमध्ये लवंग घालतात. त्यांनी स्वतःची लागवड वाढवली आणि पेंबाचा बाजार कोसळला. सरकारी भाव कमी, समोर केनियात जास्त, मग रात्री होडीतून पोती मोंबासाकडे. या चोरट्या धंद्याला स्वाहिलीत मागेंडो म्हणतात. गेल्या दशक-दीड दशकात सरकारनं शेतकऱ्याला बराच बरा भाव द्यायला सुरुवात केली, पण पेंबातून तरुण बाहेर जाणं थांबलेलं नाही. गलाईच्या धंद्यासाठी ज्यांचे काका-मामा देशाच्या कानाकोपऱ्यात दुकान टाकून बसलेत, त्या विटेकर पोरांना हे गाव कळायला वेळ लागू नये.

आता जायचं कसं? मुंबईहून दार-एस-सलाम किंवा नैरोबीमार्गे झांझिबार. केनियात मुक्काम होणार असेल तर यलो फिव्हरची लस आणि तिचं कार्ड याची आधी चौकशी करा, नाहीतर परत येताना विमानतळावर अडकाल. मलेरियाबद्दलही डॉक्टरांना विचारा. १ ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना तिथलाच ४४ डॉलरचा विमा घ्यावा लागतो. विम्याला स्वाहिलीत काय म्हणतात माहितीये? बिमा. दुकानाला डुका, गाडीला गारी, लाखाला लाकी, गोणीला गुनिया, आणि जेवणाबरोबर येते ती काचुंबारी. व्यापाऱ्यांनी कर्जाबरोबर शब्दही नेले होते.

उंगुजाहून पेंबाला छोटं विमान चाके-चाके गावाजवळ उतरतं, नाहीतर बोटीनं म्कोआनी बंदर. तिथून डालाडाला, म्हणजे आपल्या वडापचा मोठा भाऊ. म्कोआनी ते चाके-चाके साधारण तीस किलोमीटर, तिथून वेटे पुन्हा तेवढंच. घाई करू नका, गाडी भरल्याशिवाय हलत नाही, हे विट्याच्या स्टँडवर उभं राहिलेल्याला नवीन नाही.

वेटे टेकडीवर वसलेलं आहे. मुख्य रस्ता उतरत उतरत बंदराकडे जातो. बाजार, मशिदी, जुनी दुकानं, खाली होड्या. मोठं काही "बघण्यासारखं" नाही, आणि माझ्या मते तेच चांगलं आहे. इथून उत्तरेला ङेझीचं जंगल आहे. तिथे आणि आसपास पेंबाचं उडतं वटवाघूळ दिसतं, जे जगात फक्त याच बेटावर आहे. चाके-चाकेजवळ लवंगेच्या देठांपासून तेल काढायचा कारखाना आहे, तो दाखवतात. आणि नशिबानं हंगाम जुळला तर बैलांचा खेळ. पोर्तुगीज येऊन गेल्याची खूण म्हणतात. बैलाला मारत नाहीत, नुसतं खेळवतात. आपल्याकडच्या शर्यतीची परवानगी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, तिथे हा खेळ शेतांच्या मधल्या मोकळ्या मैदानात, ढोल आणि गाण्यांसकट चालतो.

जाता जाता एक किस्सा गाण्यावाल्यांसाठी. ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी १९४६ मध्ये स्टोन टाउनला जन्मला, आणि शिकायला कुठे? पाचगणीला, आपल्या साताऱ्यात. पहिला बँडही तिथेच. आता उलटी वाटही सुरू झालीये. आयआयटी मद्रासनं २०२३ मध्ये झांझिबारला कॅम्पस उघडला.

कधी जावं? मार्च ते मे पाऊस धो धो, तेव्हा टाळा. पावसावरून आठवलं. जूनच्या आसपास पेंबावरून उत्तरेकडे जो वारा वाहतो त्याला तिथे कुसी म्हणतात. तोच विषुववृत्त ओलांडून वळतो आणि आपल्याकडे नैऋत्य मोसमी वारा म्हणून येतो. जुनी गलबतं याच वाऱ्यावर मुंबईला परत यायची. कोकणात तो सगळं पाणी ओततो, सह्याद्री चढून विट्याला येईपर्यंत त्याच्याकडे द्यायला फारसं उरत नाही, आणि मग आपण टेंभूच्या पाण्याची वाट बघतो.

वागण्याचं दोन शब्दांत. जवळजवळ सगळी वस्ती मुस्लिम आहे. गावात खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला. रमजानमध्ये दिवसा खानावळी बंद असतात, उघड्यावर खाऊ-पिऊ नका. माणसांचे फोटो विचारून. स्थानिक राजकारणावर बोलायला उतावीळ होऊ नका. जानेवारी २००१ मध्ये पेंबात आंदोलकांवर गोळीबार झाला होता, माणसं मेली, दोन हजारांच्या आसपास लोक होड्यांतून केनियाला पळाले होते. ज्यांच्या घरात ते घडलं ते अजून तिथेच आहेत. ते सांगतील तेव्हा ऐका.

लवंग आणायचीच असेल तर बाजारातून लहान पुडी घ्या. शेतकऱ्याकडून पोत्यानं घेऊन बाहेर काढायचा विचार डोक्यातसुद्धा आणू नका, तो तिथे गुन्हा आहे. आणि मोठं माणूस भेटलं की "शिकामो" म्हणायचं. ते "मराहाबा" म्हणतील. त्यानंतर चहा विचारतील, आणि चहाला तिथेही चायच म्हणतात.