आधी भिंत मोजा, मग प्रोजेक्टर घ्या

बराकपूरच्या छावणीत किंवा हवाई दलाच्या तळावर बदली होऊन आलेल्या मराठी घरांत प्रोजेक्टरचा विषय निघतोच. मोठा टीव्ही दर बदलीला बांधून न्यायचा आणि वाटेत फुटेल म्हणून जीव मुठीत धरायचा, त्यापेक्षा पिशवीत मावणारं यंत्र बरं. मग लोकलने सियालदा गाठून चांदणी मार्केट. तिथे स्वस्तातल्या खोक्यांवर ‘१०,००० ल्युमेन’ आणि ‘फोर-के सपोर्ट’ असं ठळक छापलेलं असतं. त्यावर मुळीच जाऊ नका. आन्सी किंवा आयएसओ पद्धतीने मोजलेले ल्युमेन किती, एवढंच विचारा. ‘सपोर्ट’ म्हणजे यंत्र तो व्हिडिओ स्वीकारतं, इतकंच. पडद्यावर दिसतं ते त्याचं मूळ रिझोल्यूशन. ते १९२० × १०८० हवं.

खरा हिशेब खोलीचा आहे. समजा, यंत्र भिंतीपासून ९ फुटांवर बसणार आणि त्याचा थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ आहे. ९ भागिले १.५, म्हणजे चित्र ६ फूट रुंद आणि सुमारे ३.४ फूट उंच. क्षेत्रफळ साधारण २० चौरस फूट. ५०० आन्सी ल्युमेन असतील तर दर चौरस फुटाला २५ पडतात. साध्या पांढऱ्या पडद्यावर याचे साधारण २५ फूट-लँबर्ट (पडद्याचा उजळपणा मोजायचं एकक) होतात आणि डिजिटल थिएटरचं प्रमाण १४ आहे! मात्र रुंदी दुप्पट केलीत, की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. यंत्र तिरकं ठेवून कीस्टोनने चित्र सरळ केलं, तर पिक्सेल वाया जातात. ते समोर, मधोमध बसेल अशी जागा आधी शोधा.

हुगळीकाठची हवा दमट. लेन्सला बुरशी धरते, म्हणून यंत्र महिनोन् महिने कपाटात कोंडू नका. आतला प्रकाशमार्ग सीलबंद आहे का, हेही विचारा. नाहीतर आत गेलेली धूळ चित्रावर डाग बनून दिसते. भिंतीला ओल असेल तर मॅट पांढरा पडदा घ्याच. दिव्याचं आयुष्य काही हजार तासांचं, एलईडी-लेझरचं २०,००० च्या आसपास सांगतात.

रात्री दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्या घराला असा ५०० आन्सी ल्युमेनचा, मूळ फुल एचडी प्रोजेक्टर पुरेसा आहे. दिवसाउजेडी खिडक्या उघड्या ठेवून मॅच बघायची असेल, तर टीव्हीच घ्या.