दोन ट्रॉल्या ओढता येतात, पण थांबवता येतात का?

माहुलहून बोलतोय. एका श्रोत्याने विचारलंय, "माझी पिकअप एक ट्रेलर आरामात ओढते. त्याच्या मागे दुसरा लावला तर चालेल का?" आजचा भाग या एकाच प्रश्नावर. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी तो इथे लिहून काढलाय.

पहिली गोष्ट, "गाडी ओढते" हे उत्तर अर्धंच आहे. सपाट रस्त्यावर खालच्या गिअरमध्ये साधं इंजिनही बरंच वजन हलवतं. खरी परीक्षा उतारावर, वळणावर आणि अचानक ब्रेक मारताना होते.

आपल्या महाराष्ट्रात एकामागे एक दोन ट्रेलर कुठे दिसतात? कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, गळीत हंगामात. ट्रॅक्टर, त्यामागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या. म्हणून पिकअपचं गणितही आपण या डबल ट्रॉलीवरूनच समजून घेऊ.

समजा ट्रॅक्टरचं वजन अडीच टन आणि प्रत्येक भरलेली ट्रॉली आठ टनांची. एकूण झाले साडेअठरा टन. ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतील, तर ब्रेक लागतो फक्त ट्रॅक्टरच्या चाकांना. म्हणजे जेमतेम सातव्या हिश्श्याच्या वजनाने सगळा लवाजमा थांबवायचा! त्यात वेग दुप्पट केला, की थांबवायची ऊर्जा चौपट होते. ताशी 20 किलोमीटरला जमलं, म्हणून 40 ला जमेलच असं नाही.

ब्रेक मारल्यावर मागचे सोळा टन पुढे ढकलतात. सगळं सरळ रेषेत असेल तर ठीक. पण वळणावर असाल तर तोच धक्का तिरका बसतो. ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. अजून एक बारकावा. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगळे असतात, कारण शेतात जागच्या जागी वळायला ते सोयीचं पडतं. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडल कडीने एकत्र जोडलीच पाहिजेत. नाहीतर घाईत एकच दाबलं जातं आणि ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो.

आता दुसरी ट्रॉली. ड्रायव्हरने स्टिअरिंग थोडंसं हलवलं, तर पहिली ट्रॉली जरा डोलते आणि दुसरी त्याहून जास्त. चाबकाची मूठ किती हलते आणि टोक किती, तसंच हे. म्हणून खड्डा चुकवायला झटका द्यायचा नाही, आधीच वेग कमी करायचा. वळणावर दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षाही आतून जाते. त्या आतल्या बाजूला मोटरसायकलवाला असेल, तर ड्रायव्हरला तो दिसतही नाही.

हे सगळं टाळण्यासाठी मांडणीतच थोडी काळजी घ्यायची. जड ट्रॉली पुढे, हलकी मागे. रिकामीच्या मागे भरलेली कधीच नाही. दोनचाकी ट्रेलरमध्ये माल मागे जास्त भरला, तर दांडी वर उचलली जाते आणि ट्रेलर डोलायला लागतो. ढोबळ हिशेब असा, की ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार हुकावर यावा. पण तोही हुकाच्या क्षमतेत बसला पाहिजे. पिनला क्लिप हवीच आणि प्रत्येक जोडाला वेगळी साखळी. पिन तुटली तर ती साखळी शेवटचा आधार. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा. न्यूट्रल अजिबात नाही. आणि मागे घ्यायची वेळ आली, तर दुसरी ट्रॉली सोडून घ्या. दोन सांधे असलेली गाडी सरळ मागे नेणं भल्याभल्यांना जमत नाही.

आता माहुल रोडवर, रिफायनरीच्या बाहेर उभे असलेले लांब, सांध्याचे टँकर बघा. तेही अवजडच, मग ते वेगळे कसे? तिथे टाकीचा पुढचा भार थेट ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर, मागच्या चाकांच्या आसपास बसतो. या सांध्याला 'फिफ्थ व्हील' म्हणतात. शिवाय टाकीच्या चाकांनाही हवेचे ब्रेक असतात. अमेरिकेत पिकअपमागे दोन ट्रेलर लावायचे नियम राज्यागणिक बदलतात. मिशिगनमध्ये त्यासाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागते, आणि पहिला ट्रेलर फिफ्थ व्हीलवरच जोडलेला लागतो. कारण हेच, स्थैर्य.

आपल्याकडेही दोन ट्रेलरच्या मोठ्या गाड्या आल्यात. 2020 मध्ये केंद्राने ठराविक मार्गांवर 25.25 मीटरपर्यंतच्या 'रोड ट्रेन'ला वाट करून दिली. 2025 मध्ये नागपूर–भिवंडी मार्गावर तशी गाडी सुरूही झाली. पण ती त्याच कामासाठी बांधलेली आहे. वेल्डिंगवाल्याकडून हूक लावून घेतलेली पिकअप तिच्या ओळीत बसत नाही.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मागून येणाऱ्यांचं काय? रात्री, दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात विरून जाते. बाहेर आलेल्या उसात रिफ्लेक्टरही झाकला जातो. मोटरसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. त्यात ड्रायव्हरने मोठ्या आवाजात गाणी लावलेली, म्हणजे मागचा हॉर्नही ऐकू येत नाही. दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे चालणारे लाल दिवे, इंडिकेटर आणि स्वच्छ रिफ्लेक्टर हे सगळं मिळून फार मोठा खर्च नाही हो. आणि त्यावर कुणाचं तरी घर अवलंबून असतं.

तर श्रोत्याला माझं उत्तर: नाही, लावू नका. दोन फेऱ्या करा, डिझेल जरा जास्त जाईल. एक ट्रेलर लावणार असाल, तरी आधी गाडीच्या मॅन्युअलमधली ओढण्याची मर्यादा बघा. ट्रेलरची वेगळी नोंदणी आणि विमा याबद्दल आरटीओत विचारा. जड माल असेल तर ब्रेक असलेलाच ट्रेलर घ्या.

तुमच्या भागात डबल ट्रॉली चालवणारं कुणी असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर सावकाश चालवा!