सुरईची मान आणि पोट

रामटेकला मामाच्या वाड्यात आषाढ लागला की भिंतीला कमरेइतकी ओल चढायची. पाऊस ओसरून भिंत सुकू लागली की त्या ओलीचा पांढरा लोणा व्हायचा. तो खरवडून चाटल्याबद्दल मामीच्या हातचा मार खाल्लाय. पुढची चाळीस वर्षं चुंबकीय अनुनादात, म्हणजे चुंबकात ठेवलेल्या अणुकेंद्रांचा रेडिओ-संदेश ऐकण्यात, गेली ती त्याच चवीपायी.

इतिहास पटकन उरकतो. ब्लॉख आणि पर्सेल यांनी १९४६ साली अनुनाद दाखवला, १९५२ चं नोबेल घेतलं. मधल्या काळात, १९५० साली, हान यांना या संदेशाचा प्रतिध्वनी सापडला. नंतर तेलवाल्यांनी खडक पालथे घातले. ते त्यांचं त्यांना लखलाभ.

माझा जीव जडला तो १९७९ च्या ब्राउनस्टाइन आणि टार यांच्या मांडणीवर. त्यांनी लिहिलं जिवंत पेशींबद्दल, मला त्यात वीट दिसली. मोकळ्या पाण्यातल्या प्रोटॉनचा संदेश दोन-तीन सेकंद टिकतो. छिद्रात मात्र पाणी भिंतीला आपटत राहतं आणि संदेश लवकर विरतो. छिद्र जितकं बारीक तितका लवकर. सिमेंटच्या जेलमधली नॅनोमीटरची छिद्रं तर मिलिसेकंदाच्या आतच गप्प होतात. आखेनच्या ब्ल्यूमिश यांच्या चमूने नव्वदच्या दशकात तळहातावर मावणारं चुंबक केलं. तेव्हापासून ते भिंतीला टेकवावं, न फोडता काही मिलिमीटर आतलं पाणी बोलतं करावं.

एवढं असूनही पारेवाले आहेतच. नमुन्यात दाबाने पारा घुसवायचा आणि छिद्रांचं माप सांगायचं! वाट अरुंद असली की मोजली जाते ती मान. सुरईची मान पाहून पोट किती हे सांगणाऱ्यांशी मी तीन परिसंवाद भांडलो. शिवाय पारा शिरलेला तुकडा पुन्हा कशाच्या कामाचा नाही.

पण एकदा मीही तोंडावर पडलो. मामाच्या पडक्या भिंतीतली लाल वीट तपासली. संदेश झटकन विरला. छिद्रं अतिसूक्ष्म, असं मी ठणकावून लिहिलं. वीट मात्र भिजवली की घटाघट पाणी पीत होती. दोष लोहाचा होता. लोह आणि मँगनीज छिद्राच्या भिंतीवर असले की संदेश तसाच घाईने विरतो. शेजारी मनसरला मँगनीजच्या खाणी असताना मला हे आधी सुचू नये! त्यानंतर छिद्रांचं पृष्ठफळ वेगळं मोजल्याशिवाय एकही आकडा मी छापला नाही.

आताची मुलं कळ दाबतात, पडद्यावर छिद्रांच्या मापांचे डोंगर उमटतात. त्यातला कुठला खरा आणि कुठला निव्वळ गोंगाटाचा, हे कुणी विचारत नाही. आणि ज्यांनी विचारावं ते जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवतात. चुन्याची भिंत श्वास घेते, सिमेंट तिचं तोंड दाबतं. मग ओल उरलेल्या विटेतून वाट काढते, मीठ आतच स्फटिक होतं आणि वीट पापुद्र्यांनी सुटते. वाकाटक राजांच्या काळातल्या विटा रामटेकहून जवळच, मनसरच्या टेकडीवर, उघड्यावर आहेत. त्यांच्या डागडुजीला जो हात लावेल त्याने आधी हे वाचावं.

मामाकडचा गवंडी वीट पाण्यात टाकायचा आणि कान द्यायचा. सूं आवाज येई, बुडबुडे निघत, ते थांबले की म्हणायचा, "आता प्याली, लावा." माझ्या यंत्राने त्यात भर घातली ती फक्त घड्याळाची.