दाताचे भरण आणि झाडाची साल

नायलॉनची जाळी येण्यापूर्वी हर्ण्यासारख्या कोकणच्या बंदरांतून सुती जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळविण्याची रीत होती. सालीतील तुरट द्रव्यामुळे, म्हणजे टॅनिनमुळे, सूत लवकर कुजत नसे. कातडे कमाविताना बाभूळ, तरवड व हिरडा यांचे टॅनिन निराळेच कार्य करते. ते कातड्यातील कोलॅजेन नावाच्या तंतूंना परस्परांशी घट्ट बांधते. हेच तंतू मनुष्याच्या दातातही असतात.

किडलेली दाढ कोरून तीत दाताच्या रंगाचे राळेसारखे द्रव्य भरतात. तत्पूर्वी आम्ल लावून आतील थरातले खनिज थोडेसे काढतात. त्यामुळे उघड्या पडलेल्या तंतूंत चिकटद्रव्य मुरते आणि भरण पकड घेते. परंतु ते सर्वत्र मुरत नाही. उघडे राहिलेले तंतू पाण्याने व दातातीलच पाचक द्रव्यांनी हळूहळू झिजतात, फट पडते आणि पुन्हा कीड शिरते.

द्राक्षाच्या बियांतील प्रोअँथोसायनिडिन हे तंतू बळकट करते व पाचक द्रव्यांस आवरते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. मात्र त्याने दात तपकिरी होतो आणि राळ घट्ट होण्यासही अडथळा येऊ शकतो. दवाखान्यातील नित्याचा उपचार तो अद्याप झालेला नाही. तेव्हा नाशिककडील बागायतदारांनी बियांच्या चोथ्यावर आजच हिशेब मांडू नयेत.

लवंगेच्या तेलाची गोष्ट जुनी आहे. त्यातील युजेनॉल जस्ताच्या भस्मात कालवून केलेले तात्पुरते भरण दंतवैद्य आजही वापरतात. पण घरी तेलाचा बोळा ठेवून ठणका थांबला, तरी कीड थांबत नाही. हिरडी मात्र पोळते. शिवाय युजेनॉलमुळे राळ नीट घट्ट होत नाही. म्हणून तेल लावले असल्यास दंतवैद्यास ते अवश्य सांगावे.

खैराच्या कातातही टॅनिन असते, मग पान खाल्ल्याने दात टिकतील, असा तर्क कोणी करील. तो चुकीचा आहे. पानातील सुपारी कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे. सुपारीच्या वाड्या राखणाऱ्या आपल्या किनाऱ्यास हे कडू लागेल. मिश्री तर तंबाखूच होय.

दाढेत काळा खड्डा दिसताच, ठणक्याची वाट न पाहता, माणसास दापोलीस दंतवैद्याकडे न्यावे. खड्डा लहान असतानाच भरण सोपे होते. कीड नसेपर्यंत पोहोचल्यावर केवळ भरणाने भागत नाही.