खेड्यांतील मुलीचा दिवस आणि शाळेचें नाटक

शाळेच्या स्नेहसंमेलनांतील नाटक म्हटलें म्हणजे रंगीत पडदा, भांबावलेलीं मुलें आणि कौतुकानें पाहणारे आईबाप असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु बीड जिल्ह्यांत बालाघाटच्या डोंगराळ भागांतील कित्येक गांवीं या चित्रांत आईबापांची जागा रिकामी असते. स्नेहसंमेलनें बहुधा डिसेंबर-जानेवारींत भरतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत तेथील पुष्कळ घरांतून म्हातारीं माणसें व शाळेंत जाणारीं मुलें तेवढीं उरलेलीं असतात. अशा घरांतील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा दिवस कसा जातो, आणि त्या दिवसांत नाटकाला वेळ कोठून मिळतो, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम आईबाप कोठें गेले तें पाहूं. कोरडवाहू जमिनीवर वर्षभर निर्वाह होत नाहीं. म्हणून दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम आला कीं हीं कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत ऊस तोडावयास निघतात, तीं मार्च-एप्रिलांत परततात. या धंद्यांत नवराबायकोच्या जोडीस 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली 'उचल' दोघांनीं मिळून फेडावयाची असते. तेव्हां आईला मागें राहतां येत नाहीं. मुलें बरोबर नेलीं तर त्यांची शाळा बुडते. तीं गांवींच राहावींत यासाठीं हंगामी वसतिगृहें निघालीं आहेत. तरीहि अनेक मुलें आजीआजोबांच्या आधारानें घरींच असतात. अशा वेळीं आईचीं कामें मोठ्या मुलीच्या अंगावर पडतात.

पहाटे उठून हातपंपावरून पाणी आणावयाचें, चूल पेटवून भाकऱ्या थापावयाच्या, शेळ्यांना पाला टाकावयाचा, आजीला औषध द्यावयाचें, धाकट्या भावाला न्हाऊं घालून त्याचें दप्तर भरावयाचें. मग स्वतःची वेणी घालून शाळा गांठावयाची. शाळा सुटली कीं पुन्हा पाणी, शेळ्या आणि स्वयंपाक. रात्रीं उसाच्या फडावरून आईचा फोन येतो, आणि भाऊ जेवला कां, म्हातारीचा खोकला थांबला कां, या चौकशींतच तो संपतो. ही गोष्ट एका जिल्ह्यापुरती नाहीं. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळवापर पाहणींत, घरचें बिनमोबदला काम करणाऱ्या सहा वर्षांवरील व्यक्तींपैकीं स्त्रियांची दिवसाकांठीं सरासरी २९९ मिनिटें त्यांत जातात, पुरुषांचीं मात्र ९७, असें आढळून आलें.

आतां नाटकाकडे वळूं. ३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस. १८३१ सालीं नायगांव येथें त्या जन्मल्या, आणि १८४८ सालीं पुण्यांत मुलींच्या शाळेचें काम सुरू झालें. त्या निमित्तानें गांवोगांवच्या शाळांतून त्यांच्या चरित्रावर नाट्यप्रवेश होतात. समजा, आपल्या या मुलीला त्यांत शाळेंत पहिल्यानें येणाऱ्या विद्यार्थिनीचें काम मिळालें. भाकरी थापतां थापतां ती भाषणें पाठ करते. प्रवेशांत जात्यावरची ओवी हवी असली तर ती आजीच शिकवते, आणि ट्रंकेंतील जुनें लुगडेंहि तीच काढून देते. घरांत हलक्या आवाजांत बोलण्याची संवय झालेल्या मुलीला आतां शेवटच्या रांगेपर्यंत ऐकूं जाईल असें बोलावें लागतें. दुसऱ्याचें वाक्य पुरें होईतों थांबणें, चुकलेल्या सोबत्याला सांवरून घेणें, हेंहि ती येथेंच शिकते. पुस्तकानें हें साधत नाहीं.

परंतु तालीम ठेवतात ती शाळा सुटल्यावर, म्हणजे पाणी भरण्याच्या वेळेला. मुलगा दप्तर कोपऱ्यांत टाकून तालमीला थांबतो. मुलीला घरीं पळावें लागतें. दोन दिवस ती आली नाहीं कीं तिचें काम दुसरीला जातें, आणि मुलीला नाटकाची आवडच नाहीं असा समज होऊन बसतो. वास्तविक तिला आवड असते, पण मोकळा वेळ नसतो.

यावरचे उपाय फार खर्चाचे नाहींत. तालीम शेवटच्या दोन तासांत घ्यावी. एका भूमिकेसाठीं दोन मुली तयार कराव्या, म्हणजे एकीची अडचण नाटकाची अडचण होत नाहीं. भाऊ दहा वर्षांचा असला तर एक घागर त्यानेंहि आणावी. प्रयोग मोबाईलवर टिपून फडावर पाठवावा, म्हणजे आईबापांना तो कोपींत बसून पाहतां येईल.

नाटकासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. वयांत येणारी मुलगी मागें कोणाच्या भरंवशावर ठेवावी, या काळजीनें कित्येक आईबाप अठरा वर्षांच्या आंतच तिचें लग्न उरकून टाकतात. तें कायद्याविरुद्ध आहे, हें त्यांना माहीत असतें. पण काळजी कायद्याहून जवळची वाटते. जी मुलगी साऱ्या गांवासमोर विद्यार्थिनी म्हणून उभी राहिली, जिचें नांव मास्तरांनीं व शेजाऱ्यांनीं घेतलें, तिची शाळा गुपचूप सोडवणें थोडें अवघड होतें. एका नाटकानें लग्न टळेलच असें नाहीं. परंतु तिच्याविषयीं विचारणारीं चार माणसें गांवांत तयार होतात, आणि पुष्कळदां प्रारंभ तेवढ्यानेंच होतो.