अंगणातल्या डाळिंबाचं एक तप

२०१३च्या पावसाळ्यात पुण्यातल्या आमच्या अंगणात 'गणेश' डाळिंबाची गुटी लावली, त्याला आता एक तप झालं. हा वाण पुण्याचाच. १९३६ साली डॉ. जी. एस. चीमा यांनी गणेशखिंडीत 'आळंदी' वाणातून त्याची निवड केली. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गणेश आणि 'गुल-ए-शाह रेड' यांच्या संकरातून 'मृदुला' दिला, मग 'भगवा' आला आणि लालभडक दाण्यांनी त्याने बाजार काबीज केला. गणेशचे दाणे फिकट गुलाबी, पण बी मऊ. घरी खायला मला तोच आवडतो.

पहिली दोन वर्षं फळ धरू दिलं नाही. बुडाशी येणारे फुटवे काढत राहिलो आणि चार खोडं तेवढी राखली. तिसऱ्या वर्षी झाड शेंदरी फुलांनी लगडलं आणि आठवड्याभरात खाली सडा पडला. शेजारी हळहळले. गळालेली फुलं हातात घेऊन पाहिली, तर बहुतेक बुडाशी निमुळती, घंटेच्या आकाराची, म्हणजे नर. ती गळायचीच. फळ धरतं ते बुडाशी रांजणासारखं फुगलेलं फूल. दोन्हींचा थाट मात्र सारखाच: मेणासारखा जाड पुष्पकोश, त्यातून डोकावणाऱ्या चुरगळलेल्या रेशमी पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. शिंजीर दोन्हींवर येतो.

मृग, हस्त आणि आंबे हे डाळिंबाचे तीन बहर. बागायतदार पाणी तोडून झाडाला ताण देतात, पानगळ झाली की छाटणी आणि खत करून पाणी सोडतात आणि एकच बहर धरतात. आमचं झाड सुरुवातीला तिन्ही बहरांत फुलायचं, फळंही येईल तेव्हा यायची. २०१९ला पाऊस लांबला आणि मृगाच्या फळांवर तेल्या आला. आधी तेलकट काळे डाग, मग साल तडकली. रोगट फळं आणि फांद्या काढून जाळल्या.

तेव्हापासून फळ फक्त आंबे बहराचं. डिसेंबरात पाणी बंद, जानेवारीत हलकी छाटणी, शेणखत आणि मग नियमित पाणी. पाण्यात खंड पडून मग एकदम भरपूर मिळालं की फळं तडकतात, म्हणून ही नियमितता कटाक्षाने पाळतो. फळ लिंबाएवढं झालं की मलमलीची पिशवी बांधतो, म्हणजे सुरसा अळीचं फुलपाखरू अंडी घालू शकत नाही. पावसाळ्यातली फुलं डोळ्यांसाठी. त्यांना धरलेली फळं लहान असतानाच खुडतो.

बागायतदाराचं पोट फळावर असतं, त्याला असं करणं परवडणार नाही. अंगणात ते परवडतं. म्हणून घरी डाळिंब लावणाऱ्यांना माझं सांगणं आहे: भरपूर उन्हाची जागा द्या, फळासाठी एकच बहर धरा आणि एरवी झाडाला फुलू द्या. जागा नसेल तर कुंडीत बुटकं डाळिंब लावा. त्याची फळं शोभेपुरतीच, पण फुलं तितकीच देखणी.